आठ पुड्या आठ दिवसांत

शेजारच्या काकूंनी परवा हाक मारून आठ रिकामी पाकिटं माझ्या पुढ्यात ठेवली. कंबर आणि पिंढऱ्या दुखतात म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं, ड जीवनसत्त्व ११ निघालं, म्हणजे कमी. साठ हजार युनिटची एक पुडी, आठवड्याला एक, आठ आठवडे. सोबत कॅल्शियमची गोळी. काकूंनी चिठ्ठीतला आठ वाचला, आठवडा वाचला नाही. रोज सकाळी दुधात एक पुडी. नवव्या दिवशी मलाच विचारतात, "लई हुशारी वाटालीय बघ. मेडिकलमधनं आणखी आठ आणू का?"

काकूंना काही झालं नाही. डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम बघितलं, ते ठीक होतं, पुड्या थांबवल्या. पण काकूंनी जाता जाता केलेला प्रश्न माझ्या डोक्यात राहिला : "आपल्या सोलापुरात उन्हाला काय तोटा? मग मलाच डी कमी कसं पडलं?"

तोटा उन्हाचा नाही, उन्हातल्या एका बारीक पट्ट्याचा आहे. ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे. त्यांना यूव्हीबी म्हणतात. सूर्य खाली असला की किरण हवेतून तिरपे, लांबचा प्रवास करून येतात आणि वाटेतला ओझोन यूव्हीबी गिळून टाकतो. म्हणजे बाळाला तेल लावून आजी ज्या कोवळ्या उन्हात धरते, त्यात ऊब असते, माया असते, ड जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. सोपी खूण सावलीची. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली तर यूव्हीबी पुरेसं आहे असं समजावं. सोलापूर १७.७ अंश अक्षांशावर असल्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथे शून्य सावलीचा, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा, दिवस येतो, आणि त्या दिवसांत सकाळी सव्वानऊपासूनच सावली आखूड होते. डिसेंबरात हीच वेळ साधारण सव्वाअकरा ते दीड एवढी उरते. पण उत्तर युरोपसारखा एकही महिना इथे कोरडा जात नाही.

आणि नेमक्या त्या वेळेला आपण कुठे असतो? यंत्रमागाच्या शेडमध्ये, पत्र्याखाली विड्या वळत, ऑफिसात, नाहीतर सनकोट-स्कार्फमध्ये गाडीवर. मे महिन्यात ते शहाणपणाचंही आहे, उष्माघात ही काही थट्टा नाही. खिडकीच्या काचेआडून येणारं ऊनही कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. त्यात सावळ्या कातडीतलं मेलॅनिन तेच किरण शोषून घेतं, म्हणून आपल्याला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि वय वाढलं की कातडीतला कच्चा मालच कमी होतो. काकू अडुसष्ट वर्षांच्या आहेत.

आता त्या कच्च्या मालाबद्दल, कारण मला या विषयात सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग. त्याचं नाव ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल. कोलेस्टेरॉलचाच भाऊ, कार्बनची चार कडी एकमेकींना चिकटलेली. यूव्हीबीचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, आदळला, की त्यातलं एक कडं नवव्या आणि दहाव्या कार्बनच्या मधे तुटून उघडतं. उघडलेल्या रेणूला प्री-व्हिटॅमिन डी-३ म्हणतात. प्रकाशाचं काम इथे संपलं. पुढचं काम अंगातल्या उबेचं : काही तासांत हा रेणू आतल्या आत पीळ बदलतो आणि डी-३, म्हणजे आपलं ड जीवनसत्त्व, होतो. आकार बदलला की तो पेशीच्या पटलात नीट बसत नाही, बाहेर ढकलला जातो, आणि रक्तातलं एक प्रथिन त्याला उचलून नेतं.

ऊन लागतच राहिलं तर? प्री-व्हिटॅमिनसुद्धा तेच किरण शोषतं. शोषल्यावर कधी ते परत मूळ रेणू होतं, कधी ल्युमिस्टेरॉल, कधी टॅकिस्टेरॉल. शेवटची दोन्ही हाडांच्या कामाची नाहीत. बनणं आणि मोडणं यांची बरोबरी होते, आणि प्री-व्हिटॅमिन मूळ साठ्याच्या साधारण १० ते १५ टक्क्यांवर अडकून बसतं. मग तुम्ही अर्धा तास गच्चीवर उभे राहा, नाहीतर मंगळवेढ्याच्या रानात दिवसभर ज्वारी काढा. एवढ्यावरही थांबत नाही. रक्तात जाण्याआधी डी-३ पुन्हा उन्हात सापडलं, तर त्याचेही निकामी रेणू होतात. प्री-व्हिटॅमिन अडकून बसण्याची भानगड मायकेल हॉलिक या अमेरिकी संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली उलगडून दाखवली. कड्यांचा हा हिशेब डोक्यावरून गेला असेल तर जाऊ द्या. उन्हाने कातडी भाजेल, चक्कर येईल, पण ड जीवनसत्त्वाची बाधा होणार नाही, कारण कातडीच्या दाराला आतून कडी आहे.

पुडी त्या दाराने येतच नाही. ती पोटातून येते, आणि तिथे असा पहारा नाही. साठ हजार युनिट म्हणजे वजनाने फक्त दीड मिलिग्रॅम, मोहरीच्या दाण्याहून कमी. बाकी पुडीत साखर आणि भर. पण मोठ्या माणसाची रोजची शिफारस ६०० युनिट धरली, तर एक पुडी म्हणजे शंभर दिवसांची गरज. यकृत आलेल्या डी-३चं २५-हायड्रॉक्सी रूप करतं आणि त्यात फारसा हात आखडत नाही. रिपोर्टात आकडा येतो तो याचाच. खरं तेज, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारं, रूप मूत्रपिंडात बनतं, तिथे मात्र शरीर काटेकोर असतं. तरीही यकृताने बनवलेलं ते रूप रक्तात फारच वाढलं, रिपोर्टातला आकडा साधारण १५०च्या वर गेला, तर ते स्वतःच तेज रूपासारखं वागू लागतं. आतडं कॅल्शियमला दार सताड उघडून देतं, रक्तातलं कॅल्शियम चढतं : खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, ग्लानी, शेवटी मूत्रपिंडावर घाव. आता मे महिन्यात सोलापुरात तहान कुणाला लागत नाही? म्हणूनच इथे हे लक्षण सहज उन्हाच्या खाती जमा होतं. शिवाय हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, पुड्या थांबवल्या तरी आठवडे-महिने उतरत नाही. काकू आठवर थांबल्या म्हणून निभावलं. महिनोन्‌महिने रोज घेणारे दवाखान्यात पोचतात.

एकदाच भरपूर घेऊन मोकळं व्हावं, हाही विचार झालेला आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या दोन हजारांवर बायकांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले. २०१० साली निकाल आला : त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. अमेरिकेतल्या पंचवीस हजारांवर लोकांच्या चाचणीचा निकाल २०२२ साली आला. तब्येतीने ठीक असलेल्यांनी रोज २००० युनिट घेऊनही हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. कमतरता असलेल्याला पुडी हे औषध आहे. कमतरता नसताना ती नुसती महाग साखर.

कॅल्शियमचं गणित त्या मानाने स्वयंपाकघरातलं आहे. रोज १००० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्या बाईला १२००. शंभर मिली दुधात १२०च्या आसपास, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या पुढे, आणि आपल्या लाडक्या ज्वारीत जेमतेम तीस. कडक भाकरीवर थापलेल्या तिळात भरपूर असतं, पण तिळातच असलेल्या, कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या ऑक्झलेटमुळे सगळं अंगी लागत नाही. जेवणातून कमी पडेल तेवढंच गोळीतून भरायचं. गोळीवर १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेलं असेल, तर त्यात खरं कॅल्शियम ५००. एका वेळी आतडं तेवढंच नीट उचलतं, म्हणून दोन गोळ्या असतील तर दोन वेळा. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, ती जेवणाबरोबर घ्यावी. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांना कॅल्शियम सायट्रेटच्या गोळीबद्दल विचारावं.

जेवणाबरोबर घेण्याला आणखी एक कारण आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून बाहेर काढतं, म्हणजे मुतखड्याला उलट आळा घालतं. पण अमेरिकेत छत्तीस हजार बायकांपैकी निम्म्यांना गोळ्यांतून कॅल्शियम आणि ड एकत्र दिलं, तेव्हा त्यांच्यात मुतखडे बाकीच्यांपेक्षा १७ टक्क्यांनी जास्त निघाले होते. इकडे घामाने लघवी आधीच गडद. पूर्वी खडा झाला असेल तर मनाने गोळी सुरू करू नये.

रिपोर्टमधलं कॅल्शियम नॉर्मल म्हणजे हाडं मजबूत, हेही खरं नाही. रक्तातलं कॅल्शियम कमी पडू लागलं की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडं कोरून ते भरून काढते. आकडा सरळ, हाड पोकळ.

आणि तो चुन्याचा मेसेज. गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा, गुडघे बदलायला लागणार नाहीत. गव्हाचा दाणा चाळीसेक मिलिग्रॅमचा. तेवढा चुना कोरडा आणि शुद्ध धरला तरी कॅल्शियम वीसेक मिलिग्रॅम. रोज पन्नास दाणे खाल्ले तर गरज भागेल, पण तोवर तोंड आणि अन्ननलिका भाजून निघेल.

काकूंची थायरॉइडची गोळीही आहे, हे मला उशिरा कळलं. त्या ती कॅल्शियमबरोबर एकाच घोटात गिळत होत्या. कॅल्शियम थायरॉइडच्या औषधाला आतड्यात अडकवतं. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळीशीही वाकडं, म्हणून गरोदर बायकांना दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्यायला सांगतात. आता सकाळी सहाला थायरॉइड, दुपारी भाकरी-आमटीबरोबर कॅल्शियम, असं काकूंनी फडताळाच्या दारावर खडूने लिहिलंय. त्याखाली ओळ आहे, ‘पुडी – डॉक्टरला विचारून’. आणि डिसेंबरातल्या गच्चीसाठी त्यांनी माझ्याकडून सव्वाअकराची वेळ लिहून घेतली, कोपऱ्यात, छोट्या अक्षरात.