कॉलमला जागा किती लागते? टेबल बांधण्याआधी वाचा

नवीन सॉफ्टवेअर बसवताना आम्ही तुमच्याकडून रकान्यांची यादी मागतो: नाव किती अक्षरी, रक्कम किती आकडी, गावाचे नाव मराठीत की इंग्रजीत. "ठेवा मोठेच, पुढे अडचण नको," असे उत्तर बहुतेक वेळा येते. काही रकान्यांना ते चालते, काहींना महागात पडते. ते कुठे आणि का, एवढेच या पत्रकात आहे. खालचे आकडे मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस आणि त्याचे इनोडीबी इंजिन (डेटा डिस्कवर लिहिणारा भाग) यांचे आहेत, कारण आमची सगळी कामे त्यावर चालतात.

मराठी अक्षरांचा हिशोब

व्हारचार हा कमी-जास्त लांबीच्या मजकुराचा रकाना. व्हारचार(१०) म्हणजे जास्तीत जास्त दहा अक्षरे. पण डेटाबेसचे अक्षर आणि आपल्या डोळ्यांना दिसणारे अक्षर एक नव्हे. "त्र्यंबकेश्वर" वाचताना पाच अक्षरे वाटतात. डेटाबेस मात्र त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क, मात्रा, श, हलन्त, व, र असे तेरा मोजतो. म्हणजे हे नाव दहाच्या रकान्यात मावतच नाही. आजच्या सेटिंगमध्ये "डेटा टू लाँग" अशी चूक येऊन नोंद अडते. जुन्या, ढिल्या सेटिंगमध्ये ती न अडता कापली जायची आणि पावतीवर "त्र्यंबकेश" छापून यायचे. जुना डेटा आमच्याकडे आणताना गावांची यादी एकदा डोळ्यांखालून घाला, ती यासाठीच.

जागेचा हिशोब आणखी वेगळा. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे साठवण्याची पद्धत) इंग्रजी अक्षर किंवा आकडा १ बाइट (जागेचे एकक) घेतो, देवनागरीचा प्रत्येक घटक ३ बाइट. त्र्यंबकेश्वर झाले ३९ बाइट, लासलगाव २१. शिवाय लांबी लिहून ठेवायला एक बाइट. व्हारचारमध्ये प्रत्यक्ष मजकुराएवढीच जागा जाते, त्यामुळे गावाचा रकाना ५० चा ठेवला काय नि १०० चा ठेवला काय, डिस्कवर फरक पडत नाही.

फरक पडतो तो नंतर वाढवताना. रकान्याची कमाल लांबी २५५ बाइटपर्यंत असेल तर लांबीची नोंद एका बाइटात होते, त्यापुढे दोन लागतात. यूटीएफ-८ च्या चार बाइटी संचात (इमोजी मावतात तो, आणि आम्ही तोच वापरतो) ६३ अक्षरांची कमाल २५२ बाइट होते आणि ६४ अक्षरांची २५६. म्हणून ६० चा रकाना ६३ केला तर क्षणात होतो, पण ६३ चा ६४ करायला सगळे टेबल नव्याने उतरवावे लागते आणि तोवर त्यात नवी नोंद घेता येत नाही. भर हंगामात, दारात ट्रॅक्टर उभे असताना हे नको. म्हणून नाव-पत्त्याचे रकाने आम्ही पहिल्यापासूनच १०० च्या वर धरतो. तुम्ही ४० सांगितले तरी.

मग हजारच का नको? ज्या रकान्यावर शोध घ्यायचा त्याच्या इंडेक्सला (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची) ३०७२ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे या संचात ७६८ अक्षरे. आणि नावाच्या रकान्यात कोणी अख्खा पत्ता चिकटवला तर अडवणारे काहीच उरत नाही.

आकडे

पूर्ण आकड्यांच्या रकान्यांचे प्रकार: इंट ४ बाइट, बिगइंट ८, स्मॉलइंट २. जुन्या टेबलांत इंट(११) लिहिलेले दिसते. त्या ११ चा जागेशी काही संबंध नाही, तो फक्त दाखवण्याच्या रुंदीचा आकडा होता.

मोबाइल नंबर इंटमध्ये ठेवू नका. इंटची मर्यादा २१४७४८३६४७ आणि आपले नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळेच बाहेर. ढिल्या सेटिंगच्या जुन्या डेटात दर दुसऱ्या शेतकऱ्याचा मोबाइल २१४७४८३६४७ दिसत असेल तर कारण हेच, आणि खरा नंबर त्यातून परत निघत नाही. ज्या आकड्याची बेरीज करायची नाही तो मजकूर समजावा: मोबाइल, एमएच १५ ची गाडी, २७ ने सुरू होणारा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक.

रक्कम कधीही फ्लोटमध्ये (दशांशाचा आकडा अंदाजे साठवणारा प्रकार) नको. १२,३४,५६७.८९ ही रक्कम फ्लोटमध्ये १२,३४,५६७.८७५ अशी साठते, कारण ४ बाइटांत सातेक आकड्यांपुढे नेमकेपणा राहत नाही. वर्षअखेरीस ताळेबंद पैशांत जुळत नाही तो असा. डेसिमल(१२,२) ला (एकूण १२ आकडे, त्यांतले २ दशांशानंतरचे) ६ बाइट लागतात आणि हजार कोटींच्या आतली कोणतीही रक्कम पैशासकट तंतोतंत राहते. दोन बाइट वाचवण्यासाठी हिशोब बिघडवू नये, हे आमचे ठाम मत.

एक नोंद उलगडून

कांद्याच्या हिशोबपट्टीची ओळ घ्या: पट्टी क्रमांक ४, तारीख ३, शेतकरी क्रमांक ४, गाव "लासलगाव" २२, क्विंटल डेसिमल(८,२) ४, भाव डेसिमल(१०,२) ५. बेरीज ४२ बाइट. इनोडीबी प्रत्येक ओळीला स्वतःचे १८ बाइट जोडते, एकूण ६०. डिस्कवरून वाचन १६ केबीच्या पानाने होते आणि पानात थोडी जागा मोकळी ठेवली जाते, तेव्हा एका पानात सुमारे अडीचशे पट्ट्या बसतात. गावांची यादी वेगळ्या टेबलात ठेवून इथे फक्त गावाचा क्रमांक स्मॉलइंटमध्ये घातला, की ओळ ४० वर येते आणि त्याच पानात पावणेचारशेच्या आसपास पट्ट्या मावतात. अहवाल लवकर निघतो तो यामुळे. शिवाय लासलगाव, लासलगांव, लासल गाव अशी तीन गावे तयार होत नाहीत.

बिलांचे फोटो टेबलात घालायचा आग्रह धरू नका. मोठा मजकूर किंवा फोटो पानात न मावता बाहेरच्या पानांवर जातो, ओळीत फक्त २० बाइटचा पत्ता उरतो. चालते खरे, पण रोजचा बॅकअप फोटोंच्या वजनाने फुगतो. फोटो फोल्डरमध्ये आणि टेबलात फाइलचा मार्ग, हे बरे. मात्र त्या फोल्डरचा बॅकअपही लावून घ्या.

नोंदी पुसल्या, तरी डिस्क भरलेलीच

जुन्या वर्षांच्या नोंदी काढल्या तरी फाइल लहान होत नाही. मोकळी झालेली जागा त्याच टेबलाच्या पुढच्या नोंदींसाठी राखलेली राहते. पुढच्या हंगामात ती भरणारच असेल तर हात लावू नका. डिस्क खरोखर संपत आली असेल तरच ऑप्टिमाइझ टेबल चालवावे. त्यात टेबल नव्याने लिहिले जाते, म्हणून साधारण त्या टेबलाएवढी जागा आधी रिकामी लागते. डिस्क काठोकाठ भरल्यावर ही आज्ञा दिली तर ती अर्ध्यात थांबते. २० टक्के जागा उरली की आम्हाला फोन करा. बॅकअप घेऊन, बाजार बंद असलेल्या दिवशी हे काम करून देऊ.