जगाचा नकाशा आणि बरोबरीचा डाव: इतिहासावर बेतलेल्या डावपेची खेळांची पार्श्वभूमी

मायक्रोप्रोजने 1991 मध्ये काढलेल्या ‘सिव्हिलायझेशन’ या संगणक खेळात जगाचा नकाशा 80 बाय 50 चौकोनांचा होता. विषुववृत्ताचा घेर 40,000 किलोमीटर धरला तर एका चौकोनाची रुंदी 500 किलोमीटर भरते. ध्रुवापासून ध्रुवापर्यंतचे 20,000 किलोमीटर 50 ओळींत वाटले तर उंची 400. म्हणजे एका चौकोनात 2 लाख चौरस किलोमीटर. या मापाने 3.08 लाख चौरस किलोमीटरचा अख्खा महाराष्ट्र दीड चौकोनात आटोपतो. ब्रिटनचे बेट 2.09 लाखांचे. सपाट नकाशात उत्तरेकडचे प्रदेश आडवे ताणले जातात, तो ताण धरूनही ब्रिटनच्या वाट्याला जेमतेम दोन चौकोन. आणि याच खेळात एका शहराचा पसारा 21 चौकोनांचा असतो: 5 बाय 5, चार कोपरे वगळून. जग मापात काढले तर इंग्रजांना एक शहरही धड पोसता येत नाही, आणि 17-18 चौकोनांचा भारत एकाच शहरात संपतो.

म्हणून इतिहासावरच्या खेळांत जगाचा नकाशा नेहमीच थोडा खोटा असतो. खोटेपणा नेमका कुठे करायचा, यावर गेली साठ-सत्तर वर्षे काम चालू आहे. जमीन वाढवणे हा त्यातला सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत कमी उपयोगाचा उपाय. समतोल साधला जातो तो मुख्यतः तीन गोष्टींनी: प्रदेशात शिरायच्या वाटा किती, त्या प्रदेशाची किंमत किती, आणि तिथला खेळाडू डावात येतो केव्हा.

वाटांचा हिशेब पहिल्यांदा घरोघर पोहोचला तो ‘रिस्क’मुळे. फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक आल्बेर लामोरिस यांचा हा खेळ 1957 मध्ये फ्रान्समध्ये आला, 1959 मध्ये पार्कर ब्रदर्सने तो अमेरिकेत काढला. पटावर 42 प्रदेश आणि 6 खंड. पूर्ण खंड हाती असेल तर दर फेरीला जादा पलटणी मिळतात: आशियाला 7, युरोप आणि उत्तर अमेरिकेला प्रत्येकी 5, आफ्रिकेला 3, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाला प्रत्येकी 2. हे आकडे दिसायला उदार वाटतात. पण खंड राखायला हद्दीवरचे किती प्रदेश सांभाळावे लागतात ते मोजा: आशिया 5, युरोप 4, उत्तर अमेरिका 3, आफ्रिका 3, दक्षिण अमेरिका 2, ऑस्ट्रेलिया 1. हद्दीवरच्या एका प्रदेशामागे आशियाला 1.4 पलटणी मिळतात, युरोपला 1.25, उत्तर अमेरिकेला 1.67, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेला 1, आणि ऑस्ट्रेलियाला सरळ 2. ऑस्ट्रेलियात शिरायला सयाम ते इंडोनेशिया एवढी एकच वाट. जाणते खेळाडू पहिल्या फेरीपासून तिकडे का धावतात, याचे उत्तर या भागाकारात आहे. आशियाचे 12 प्रदेश एकत्र राखणारा खेळाडू क्वचितच दिसतो, कारण 7 चे बक्षीस घेण्याआधी पाच दारे एकाच वेळी लावावी लागतात. या पटावरच्या इंडियाला मध्यपूर्व, अफगाणिस्तान, चीन आणि सयाम असे चार शेजारी आहेत आणि समुद्रवाट एकही नाही. कोकण किनाऱ्याचा इतिहास माहीत असलेल्याला हे खटकणारच.

नकाशा बेतताना हा भागाकार आजही पहिला करावा. प्रत्येक प्रदेशसमूहाचे उत्पन्न भागिले हद्दीवरचे प्रदेश. सर्वांत वरचा आकडा खालच्याच्या दीडपटीहून जास्त असेल तर बक्षीस कमी करण्यापेक्षा एक वाट वाढवून पाहावी. ऑस्ट्रेलियाला पूर्व आफ्रिकेकडून दुसरा सागरी मार्ग दिला तर गुणोत्तर 2 वरून 1 वर येते. मात्र त्याच वेळी पूर्व आफ्रिकेवरचा भार वाढतो, तेव्हा आफ्रिकेचे बक्षीसही पुन्हा तपासावे लागते. एक वाट उघडली की दोन हिशेब बदलतात, आणि दुसरा हिशेब विसरणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

याच काळात अमेरिकेत ॲलन कॅल्हॅमर यांनी वेगळा रस्ता धरला. त्यांचा ‘डिप्लोमसी’ 1954 मध्ये आकाराला आला आणि 1959 मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने 500 प्रती काढल्या. पटावर फक्त युरोप आणि आसपासचा भाग, वर्ष 1901, सत्ता सात. फासे नाहीत, त्यामुळे नकाशातली चूक नशिबावर ढकलता येत नाही. एकूण 34 पुरवठा केंद्रे, जितकी केंद्रे तितक्या पलटणी आणि आरमारे. सुरुवातीला रशियाला 4, बाकी सहांना प्रत्येकी 3, म्हणजे 22; उरलेली 12 तटस्थ. जिंकायला 18.

इथले कसब केंद्र नसलेल्या, रिकाम्या प्रदेशांत आहे. वॉर्सा आणि व्हिएन्ना एकमेकांना लागून नाहीत; मध्ये गॅलिशिया आहे, जिथे केंद्र नाही. पॅरिस आणि म्युनिकच्या मध्ये बर्गंडी तसाच. असा प्रदेश कमाई देत नाही, पण शेजाऱ्याला एक चाल आधी दिसतो, आणि बोलणी करायला तेवढी सवड पुरते. मधली ही रिकामी जागा एकाच ठिकाणी काढली आहे: इटलीचे व्हेनिस आणि ऑस्ट्रियाचे ट्रिएस्ट एकमेकांना थेट भिडतात. म्हणून या दोघांच्या पहिल्या वर्षाला वेगळाच ताण असतो, आणि ऑस्ट्रियाचा निकाल लवकर लागल्याचे डाव पुष्कळ. रशियाला चौथे पथक मिळाले ते कृपा म्हणून नव्हे. त्याला इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान या चारही बाजू सांभाळायच्या असतात. स्वित्झर्लंडमध्ये कुणालाच शिरता येत नाही. तो एक प्रदेश उघडला तर फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ऑस्ट्रिया एका चालीत एकमेकांच्या अंगणात येतील आणि मध्य युरोपचा सगळा तोल जाईल.

खेळाडूंनी पुढे शोधून काढले की हा पट तिरप्या रेषेने दोन भागांत कापला जातो: वायव्येला 17 केंद्रे, आग्नेयेला 17. ती रेषा नीट धरली तर ती फोडता येत नाही. जिंकायला 18 लागतात, म्हणजे रेषेपलीकडचे निदान एक केंद्र वेळेवर हाती हवे. आपण बेतलेल्या नकाशावर अशी अभेद्य रेषा आहे का, आणि तिच्या दोन्ही बाजूंची बेरीज विजयाच्या आकड्याच्या किती जवळ येते, हे कागदावरच तपासता येते. एका बाजूला 20 केंद्रे भरत असतील आणि जिंकायला 18 पुरत असतील, तर त्या बाजूचा खेळाडू दार लावून घरात बसूनच जिंकतो.

वेळेचा उपाय 1980 मध्ये फ्रान्सिस ट्रेशॅम यांच्या ‘सिव्हिलायझेशन’ या पटखेळाने वापरला. (संगणकावरच्या खेळाचे नाव तेच, खेळ वेगळा.) पूर्व भूमध्य समुद्राभोवतीच्या त्या नकाशात इजिप्त आणि बॅबिलोनला नदीकाठची सुपीक जमीन होती. ती काढून घेतली असती तर इतिहास गेला असता. म्हणून प्रगतीच्या तक्त्यावर त्यांना पुढच्या युगात जायच्या अटी इतरांपेक्षा कडक ठेवल्या. समृद्ध जागेची किंमत वेळापत्रकात वसूल केली.

संगणकावर हाच विचार सगळ्यांत पुढे नेला तो गाब्रिएले त्रोवातो यांच्या ‘राइज अँड फॉल’ने. ही ‘सिव्हिलायझेशन 4’वरची फेररचना 2007 मध्ये त्या खेळाच्या अधिकृत विस्तारातही आली. तोवरच्या जागतिक नकाशांत सगळ्या संस्कृती एकाच दिवशी सुरू व्हायच्या. मग युरोपात सहा-सात जण एकमेकांच्या मांडीवर बसलेले, अमेरिकेत एकटा जण अख्खा खंड खातोय, असे चित्र दिसे. त्रोवातोंनी प्रत्येक संस्कृती तिच्या ऐतिहासिक काळी जन्माला घातली. ती उगवली की आसपासची शहरे तिच्याकडे वळतात. फार पसरलेल्या सत्तेची स्थिरता घसरून ती कोसळते. विजयाची मोजपट्टीही बदलली: प्रत्येकाला त्याच्या इतिहासाला साजेशी तीन उद्दिष्टे. सगळ्यांचे बळ सारखे करण्याऐवजी प्रत्येकाचे काम सारखे अवघड करायचे, हा मार्ग आम्हाला जागतिक नकाशासाठी सर्वांत प्रामाणिक वाटतो.

केवळ नकाशा मोठा करून हा प्रश्न मिटत नाही. ‘सिव्हिलायझेशन 5’साठी चाहत्यांनी केलेला एक प्रचंड पृथ्वी-नकाशा 180 बाय 94 षटकोनांचा आहे. हेच गणित पुन्हा केले तर एक षटकोन साधारण 47,000 चौरस किलोमीटरचा, आणि ब्रिटनला ताण धरून आठेक षटकोन मिळतात. शहराचा पसारा मात्र आता 37 षटकोनांचा. म्हणून युरोप फुगवावाच लागतो, आणि तो फुगवला की अटलांटिक किंवा आफ्रिका आक्रसते. दर फेरीला संगणकाला लागणारा वेळ वाढतो, तो वेगळाच.

स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने चौकोन-षटकोन सोडून प्रांत घेतले. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ 2000 मध्ये आला, चौथी आवृत्ती 2013 मध्ये. चौथ्या आवृत्तीतला प्रांतांचा नकाशा म्हणजे 5632 बाय 2048 पिक्सेलचे 24 बिटी बीएमपी चित्र. प्रत्येक प्रांताला स्वतःचा एकच लाल-हिरवा-निळा आकडा, आणि तो आकडा एका तक्त्यात प्रांताच्या क्रमांकाशी जोडलेला. बहुतेक बिघाड इथेच होतात. ब्रशची कड मऊ ठेवली तर हद्दीवर मधल्या छटांचे हजारो पिक्सेल तयार होतात आणि त्यातला एकही रंग तक्त्यात सापडत नाही; कड कठोर ठेवायची, चित्र कधीही जेपीईजीतून न्यायचे नाही. सामुद्रधुनी ओलांडायची परवानगी वेगळ्या फाइलीत लिहावी लागते, नाहीतर बॉस्फोरसच्या काठावर सैन्य अडून राहते. याच कंपनीच्या ‘हार्ट्स ऑफ आयर्न 4’मध्ये चार प्रांत एका बिंदूत मिळाले तर खेळ त्रुटी नोंदवतो, एक पिक्सेल सरकवून तिठा करायचा.

समतोलाच्या दृष्टीने मोठी चूक प्रांत फोडताना होते. कोकणाचा 12 मोलाचा एक प्रांत तीन भागांत फोडला आणि प्रत्येकाला 12 दिले, तर कोकण एका रात्रीत तिप्पट श्रीमंत झाले. मोल वाटायचे असते, 5-4-3 असे. आणि वाटूनही फरक उरतोच: तीन प्रांत म्हणजे इमारतींच्या जागा जास्त, किल्ले जास्त, वेढे जास्त. प्रांतांची दाटी ही स्वतःच एक तटबंदी आहे. युरोप बारीक चिरलेला आणि बाकी जग ठोकळ्यांत, असा नकाशा आकडे समान असूनही युरोपच्या बाजूने झुकतो.

याचे उलटे उदाहरण ‘एम्पायर: टोटल वॉर’चे. 2009 च्या या खेळात मुख्य फ्रान्स हा एकच प्रांत होता. पॅरिस पडले की देश गेला. त्यावर टीकाही भरपूर झाली. मराठी वाचकाला मात्र त्याचा हिंदुस्थानचा नकाशा जवळचा, कारण त्यात मराठा सत्ता खेळता येते. डाव 1700 पासून सुरू होतो, मराठ्यांकडे नकाशावर रंगवलेले स्थिर राज्य असते. खऱ्या 1700 च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाकडे गेला आणि सूत्रे ताराबाईंनी घेतली. तेव्हाचे मराठ्यांचे बळ रंगवलेल्या जमिनीत नव्हतेच. पुढे 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दख्खनच्या सहा सुभ्यांवरच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या: 25 टक्के आणि 10 टक्के. सुभा मोगलांचा, वसुलीचा वाटा मराठ्यांचा. एका प्रांताला एकच मालक, या रचनेत हे बसत नाही.

बसवायचे असेल तर प्रांताच्या नोंदीत मालकाशिवाय हक्कदार असा दुसरा रकाना ठेवावा आणि उत्पन्नाचे 65-35 असे वाटप करावे. त्याबरोबर मालकाचा खर्चही हलका करावा लागतो. खर्च पूर्ण 100 वर आणि उत्पन्न 65 वर राहिले तर संगणकाचा निजाम दहा-पंधरा वर्षांतच कर्जात बुडतो आणि हक्कदाराला फुकटात सुभा मिळतो.

यातले काय जमले आणि काय नाही, हे शेवटी चाचणीत कळते. ‘युरोपा युनिव्हर्सालिस 4’मध्ये ‘ऑब्झर्व’ आज्ञा दिली की सगळ्या सत्ता संगणक खेळतो आणि आपण फक्त पाहतो. दर 50 वर्षांनी प्रत्येक सत्तेचे प्रांत आणि उत्पन्न टिपून ठेवावे. किती डाव चालवायचे? सात बरोबरीच्या सत्ता असतील तर प्रत्येकीची शक्यता सातात एक. 10 डावांत एखादी सत्ता एकदाही जिंकली नाही, तर तसे निव्वळ योगायोगानेही पाचात एकदा घडते. त्यावरून नकाशाला हात लावू नये. 30 डावांत एकही विजय नसेल तर ते योगायोगाने शंभरात एकदाच घडेल. तेव्हा नकाशा उघडावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा 30 डाव लावावेत. वाट आणि मोल दोन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते सांगता येत नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या पाचव्या आवृत्तीने प्रांताला हाताने दिलेले मोल सोडून लोकसंख्या हाच पाया धरला आणि डाव 1337 पासून सुरू केला. त्यामुळे चीन आणि हिंदुस्थान त्यांच्या खऱ्या वजनाने पटावर आले. त्या वजनाला लगाम घालायला राजधानीपासून दूर जावे तसे नियंत्रण घटत जाते, आणि नियंत्रण कमी तिथे वसुली कमी.