जखमी नसलेली माणसं कोसळतात तेव्हा

20 मार्च 1995, सोमवार. टोकियोत सकाळी कामावर निघालेल्यांची गर्दी ऐन भरात होती. ओम शिनरिक्यो पंथाच्या माणसांनी भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या टाकल्या आणि छत्रीच्या टोकदार टोकाने फोडल्या. आत सारिन होतं, म्हणजे मज्जातंतूंवर घाला घालणारं, हवेत सहज उडून जाणारं द्रवरूप विष. पाचही गाड्या सरकारी कचेऱ्यांच्या कासुमिगासेकी स्थानकातून जाणाऱ्या. तिथल्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी डब्यातली पिशवी उचलली, सांडलेलं पुसून काढलं. त्यांच्यापैकी दोघे दगावले.

सारिनचं काम समजायला विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात गेलं तरी चालेल. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो असिटिलकोलीन या रसायनामार्फत, आणि हुकूम पोचला की एक एन्झाइम ते रसायन लगेच मोडून टाकतं. सारिन त्या एन्झाइमलाच जखडतं. हुकूम सुटतच राहतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो, छातीत स्राव दाटतो, शेवटी स्नायू लुळे पडून श्वास थांबतो. कपाशीवर फवारताना ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची बाधा झालेल्या शेतमजुरातही हीच लक्षणं दिसतात, कारण दोन्ही विषं एकाच कुळातली. उतारेही तेच: ॲट्रोपिन, आणि जखडलेलं एन्झाइम सोडवणारं पाम (प्रालिडॉक्सिम). पाम मात्र वेळेत द्यावं लागतं. सारिनने जखडलेल्या एन्झाइमपैकी निम्मं साधारण पाच तासांत कायमचं निकामी होतं. त्या दिवशी टोकियोतला साठा अपुरा पडला आणि पाम बाहेरगावाहून बुलेट ट्रेनने आणावं लागलं.

औषधाइतकाच घोळ कपड्यांनी घातला. टोकियोच्या सेंट ल्यूक रुग्णालयात एका दिवसात 640 रुग्ण आले. बहुतेक रुग्णवाहिकेतून नव्हे, तर पायी, टॅक्सीने, कुणाच्या तरी गाडीत बसून. पहिली खबर होती स्फोटाची, त्यामुळे दारात कुणाचे कपडे उतरवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. जागा पुरेना म्हणून रुग्णांना प्रार्थनागृहात झोपवलं, आणि तिथे खेळती हवा नव्हती. कपड्यांत मुरलेलं सारिन वाफ होऊन बाहेर पडत राहिलं. रुग्णालयाच्या सुमारे 23 टक्के कर्मचाऱ्यांना त्रास झाला. अग्निशमन दलाच्या 1,364 जणांपैकी 135 जणांनाही बाधा झाली.

यात त्यांचा हलगर्जीपणा शोधणं मला अन्यायाचं वाटतं. बॉम्बस्फोटात धावत जाऊन माणूस उचलणं हेच बरोबर असतं. वायूत मात्र तसं धावणारा स्वतःच पुढचा रुग्ण होतो. म्हणून आजचं प्रशिक्षण एका खुणेवर भर देतं: अंगावर जखम नाही आणि एकाच वेळी अनेक माणसं कोसळताहेत, तर थांबा, वारा पाठीवर घ्या, श्वसनयंत्राशिवाय आत शिरू नका. बाहेर आलेल्याचे कपडे आधी उतरवायचे, मग पाणी. नुसत्या कपड्यांबरोबरच बरंचसं विष निघून जातं. आणि रुग्ण स्वतःच्या पायांनी येणार हे गृहीत धरून ही सोय रुग्णालयाच्या फाटकाबाहेरही हवी.

पोलिसांनी सारिनचं नाव जाहीर केलं तोवर अकरा वाजत आले होते. हल्ला आठच्या सुमाराचा. त्याआधीच्या जूनमध्ये याच पंथाने मात्सुमोतो शहरात सारिन सोडलं होतं. तिथले रुग्ण हाताळलेल्या डॉक्टरने टीव्हीवरची दृश्यं पाहून टोकियोतल्या डॉक्टरांना आपणहून कळवलं, की हे सारिनसारखंच दिसतंय.