अमॉक्सिसिलिन : सुरक्षित वापर

अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिन कुळातील, मुख्यतः तोंडावाटे दिले जाणारे प्रतिजैविक आहे. ब्रिटनमधील बीचम कंपनीने ते विकसित केले आणि १९७२ मध्ये ते वापरात आले. ॲम्पिसिलिनच्या रेणूला एक हायड्रॉक्सिल गट जोडल्याने ते आतड्यातून अधिक चांगले शोषले जाते आणि जेवणामुळे त्यात फारसा फरक पडत नाही. जिवाणूची पेशीभित्ती बांधणाऱ्या प्रथिनांना ते निकामी करते. भित्ती कच्ची राहते आणि जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भित्ती नसते, म्हणून औषध सौम्य ठरते. विषाणूलाही ती नसते. त्यामुळे सर्दी, फ्लू आणि बहुतेक साध्या खोकल्यांत त्याचा काडीचाही उपयोग नाही. भारतात हे औषध अनुसूची ‘एच’मध्ये मोडते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, वेष्टनावरील उभी लाल रेघ हीच सूचना देते.

रक्तातील औषध सुमारे दर तासाला निम्मे होते आणि बराचसा भाग मूत्रपिंडांवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. जिवाणू मरण्यासाठी पातळी किती उंच गेली यापेक्षा ती किती वेळ टिकली हे महत्त्वाचे असते. म्हणून प्रौढांना सहसा २५० ते ५०० मि.ग्रॅ. दर ८ तासांनी देतात. ‘दिवसातून तीनदा’ एवढेच सांगितले की नाश्ता, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण असा हिशेब होतो आणि रात्रभर मोठे अंतर पडते; म्हणून वेळा घड्याळाप्रमाणे लिहून द्याव्यात. चुकलेला डोस आठवताच घ्यावा, पण पुढचा दुप्पट करू नये. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचे माप) मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली असल्यास अंतर १२ तासांचे आणि १० च्या खाली २४ तासांचे करतात. अशा रुग्णाला ८७५ मि.ग्रॅ.ची गोळी देत नाहीत.

मुलांचा डोस वयावर नव्हे, त्या दिवशी केलेल्या वजनावर ठरवावा. पाच वर्षांखालील मुलांच्या न्यूमोनियात (तोंडाने औषध घेता येईल अशा) जागतिक आरोग्य संघटना किलोमागे ४० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा असा डोस सुचवते. श्वास घेताना छाती आत ओढली जात असल्यास तो ५ दिवस द्यायचा असतो. स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूमुळे घसा आला असल्यास किलोमागे ५० मि.ग्रॅ., कमाल १ ग्रॅम, दिवसातून एकदा, १० दिवस. घसा दोन-तीन दिवसांत बरा वाटतो. उरलेले दिवस या घशानंतर येऊ शकणाऱ्या संधिवाताच्या तापाने (ऱ्हुमॅटिक फीव्हर) हृदयाच्या झडपा बिघडू नयेत यासाठी असतात, हे पालकांना सांगितले नाही तर औषध मध्येच थांबते. तीन महिन्यांखालील बाळाची मूत्रपिंडे पक्व नसल्याने नेहमीची मर्यादा दिवसाला किलोमागे ३० मि.ग्रॅ.

सर्वाधिक चुका पातळ औषधात होतात. ५ मिलिलिटरमध्ये १२५ आणि २५० मि.ग्रॅ. अशा दोन प्रकारच्या बाटल्या मिळतात, तर लहान बाळांच्या ड्रॉप्समध्ये १ मिलिलिटरलाच १०० मि.ग्रॅ. असतात, म्हणजे पहिल्या बाटलीच्या चौपट. १० किलोच्या मुलाला ४०० मि.ग्रॅ. द्यायचे तर २५० च्या बाटलीतून ८ मिलिलिटर लागतात. दुकानदाराने १२५ ची बाटली दिली आणि माप तेच राहिले तर मुलाला निम्मेच औषध मिळते. म्हणून चिठ्ठीवर मि.ग्रॅ., मिलिलिटर आणि बाटलीची ताकद तिन्ही हवीत. या मुलाला पाच दिवसांत ८० मिलिलिटर लागतात, म्हणजे ६० मिलिलिटरची एक बाटली चौथ्या दिवशीच संपते. बाटली संपली की कोर्स संपला असे घरोघरी समजतात. दुसरी बाटली आधीच लिहून द्यावी.

बाटलीतील पावडर आधी ठोकून मोकळी करावी. उकळून पूर्ण गार केलेले पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घालून जोरात हलवावे, फेस बसू द्यावा आणि मग खुणेपर्यंत भरावे. एकदम भरल्यास तळाशी गोळे राहतात. पहिले डोस पातळ आणि शेवटचे जड होतात. प्रत्येक वेळी बाटली हलवून, घरच्या चमच्याने नव्हे तर मापाच्या सिरिंजने औषध द्यावे. लेबलवर वेगळे लिहिले नसल्यास फ्रीजमध्ये ठेवून ७ दिवसांत वापरावे आणि उरलेले टाकून द्यावे.

ॲलर्जीची चौकशी ‘पेनिसिलिन चालते का?’ या एका प्रश्नावर उरकू नये. कोणते औषध, किती वेळाने, काय झाले, किती वर्षांपूर्वी आणि त्यानंतर याच गटातील औषध घेतले का, हे विचारावे. सुमारे दहा टक्के लोक स्वतःला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे सांगतात. तपासणीअंती त्यांतील दहापैकी नऊ जणांना ती नसते. मळमळ किंवा जुलाब म्हणजे ॲलर्जी नव्हे. काही दिवसांनी उठणारे, न खाजणारे सपाट पुरळ बहुधा निरुपद्रवी असते. उलट तासाभरात गांधी उठणे, ओठ सुजणे, घरघर लागणे किंवा चक्कर येऊन पडणे ही खरी धोक्याची खूण. ज्यांची कातडी सोलवटली किंवा तोंडात-डोळ्यांत फोड आले, त्यांना हे औषध पुन्हा कधीही देऊ नये. चाचणीही करू नये. सेफॅड्रॉक्सिल आणि सेफॅलेक्सिन या प्रतिजैविकांची पार्श्वसाखळी (रेणूला जोडलेला बाजूचा भाग) अमॉक्सिसिलिनसारखीच किंवा फार जवळची असल्याने खऱ्या ॲलर्जीत तीही टाळावीत.

तीव्र प्रतिक्रिया आली तर पहिले औषध ॲड्रिनलिन. १:१००० ताकदीचे, किलोमागे ०.०१ मिलिलिटर, कमाल ०.५ मिलिलिटर, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचावे. सुधारणा नसल्यास ५ मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावेत; दम लागला असेल तर बसू द्यावे. आधी ॲलर्जीचे आणि स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन वाट पाहण्यात मोलाची मिनिटे जातात.

इतर औषधेही विचारावीत. अमॉक्सिसिलिनमुळे मेथोट्रेक्सेट (संधिवात, कर्करोग यांवरील औषध) घेणाऱ्यांच्या शरीरात मेथोट्रेक्सेट साचू शकते, वॉरफॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर असलेल्यांचे आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) वाढू शकते आणि ॲलोप्युरिनॉल या गाउटवरील औषधासोबत पुरळाचे प्रमाण वाढते.

क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह (जिवाणूंना अमॉक्सिसिलिन मोडू न देणारा जोड-घटक) येणाऱ्या गोळ्यांची बेरीज जपून करावी. ‘६२५’ मध्ये ५०० अधिक १२५ मि.ग्रॅ. आणि ‘३७५’ मध्ये २५० अधिक १२५ मि.ग्रॅ. असतात. म्हणून ६२५ संपल्या म्हणून ३७५ च्या दोन दिल्यास क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल दुप्पट होते आणि जुलाब वाढतात. ही गोळी जेवणाच्या सुरुवातीला घ्यावी. तिच्यामुळे होणारी कावीळ कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकते. वृद्ध पुरुषांत आणि लांबलेल्या उपचारांत तिचे प्रमाण अधिक असते. म्हणून काविळीच्या रुग्णाला मागच्या दोन महिन्यांतील औषधेही विचारावीत.