टॅपेट वाजतंय की क्रँक? आधी गेज लावा

जुनी ओम्नी नाना पेठेतल्या गॅरेजला नेली आणि इंजिनातून टिकटिक येत असेल, तर सीट उचलायच्या आधीच निदान झालेलं असतं: टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा भाग, वाजतंय. बरेचदा ते खरंही निघतं. पण त्या आवाजामागे ऑइलचं कमी पडलेलं प्रेशर असेल, तर नुसतं टॅपेट सेटिंग करून पैसे वाया जातात.

आधी आवाजाचा वेग ऐका. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह ४०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला साधारण सात टिचक्या. एकच टॅपेट सैल असेल तर त्या जवळजवळ मोजता येतात. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेरिंग गेलं असेल तर ठोका क्रँकच्या वेगाने पडतो, दुप्पट भरभर आणि जड, चेंबरच्या, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीच्या, बाजूने येणारा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत एकेका प्लगची वायर क्षणभर काढून बघतात. त्या सिलिंडरचा स्फोट थांबला की रॉडचा ठोका मऊ होतो, टॅपेटला मात्र काही फरक पडत नाही. (एग्झॉस्टचं गॅस्केट फुटलं तरी हुबेहूब टॅपेटसारखीच टिकटिक येते. भले भले फसतात.)

ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनात रॉकरवर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीवर, स्क्रू आणि लॉकनट असतो. धातू तापून फुगतो म्हणून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास फट मुद्दाम ठेवलेली असते. ती वाढली की टिकटिक. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून ती नीट केली की काम संपलं.

हायड्रॉलिक लिफ्टरचं, म्हणजे ऑइलवर चालणाऱ्या टॅपेटचं, गणित वेगळं. १९७८ नंतर अमेरिकेत विकल्या गेलेल्या फोक्सवॅगन व्हॅनमध्ये ते होते, आणि आजच्या कित्येक इंजिनांतही असतात. लिफ्टरच्या पोटात ऑइल भरतं, एक छोटा व्हॉल्व्ह ते अडकवून ठेवतो आणि फट आपोआप शून्य राहते. डिसेंबरातल्या सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-चार सेकंद वाजून गप्प झाला तर चिंता नको, रात्रभरात ऑइल झिरपून गेलेलं असतं. गरम झाल्यावरही वाजत राहिला तर मात्र त्याच्यापर्यंत ऑइल पोचतंय का, ते बघायला हवं.

पंप ऑइल नुसतं ढकलतो, प्रेशर तयार होतं ते वाटेतल्या अडथळ्यामुळे. बेरिंगं झिजली की फटी रुंदावतात आणि ऑइल खालच्या खालीच सांडतं. वाड्यात तळमजल्यावरचे सगळे नळ सोडले की वरच्या बिऱ्हाडाला पाणी चढत नाही, तसंच. व्हॉल्व्ह असलेलं वरचं हेड ऑइलच्या वाटेच्या शेवटच्या टोकाला, म्हणून बोंब तिथूनच पहिली उठते. त्यात ऑइल ४० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापताना आठेक पटींनी पातळ होतं, त्यामुळे दुखणं गरम इंजिनात आयडलिंगलाच उघडं पडतं.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. प्रेशर अर्ध्या किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास किंवा त्याखाली घसरल्यावरच तो लागतो. त्याचा इंजिनावरचा स्विच काढून त्या जागी ऑइल प्रेशरचा गेज लावायचा, गाडी चांगली तापवायची आणि वाचायचं. दर हजार फेऱ्यांना सुमारे ०.७ किलो हा ढोबळ अंदाज, पण कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा खरा. गेज नीट दाखवत असेल तर लिफ्टर किंवा टॅपेटकडे वळा. कमी दाखवत असेल तर चेंबर उतरवून आधी पंपाच्या तोंडाची जाळी बघा. ती काजळीने तुंबली असेल तर स्वस्तात सुटलात. नाहीतर पंप, जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह आणि शेवटी बेरिंगं.

ऑइलची पातळीही डिपस्टिकवर बघाच. कमी तर वाईटच, पण जास्त भरलं तर क्रँक ते घुसळून फेस करतो, आणि हवा दाबली जात असल्यामुळे लिफ्टर पोचट होतो.

२०डब्ल्यू-४० ऑइलच्या जागी जास्त दाट २०डब्ल्यू-५० ओतलं की आवाज दबतो खरा, पण झीज तशीच राहते. विकायला काढलेल्या गाड्यांत ही युक्ती सर्रास चालते. म्हणून जुनी व्हॅन घेताना ती सकाळी थंड असताना स्टार्ट करून बघा, मग कात्रजचा घाट चढवा आणि वर पोचल्यावर इंजिन बंद न करता पाच मिनिटं आयडलिंगला ठेवून ऐका.