धूळ खोटं बोलत नाही

उत्तर कोरियानं १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला कळवलं, की आपण एकदाच, १९९० मध्ये, अणुबॉम्बला लागणारं प्लुटोनियम जेमतेम ९० ग्रॅम वेगळं केलं. संस्थेचे निरीक्षक तिथल्या योंगब्योन अणुकेंद्रात गेले आणि नमुने घेऊन आले.

अणुभट्टीतल्या प्लुटोनियममध्ये थोडं प्लुटोनियम-२४१ असतंच. सुमारे १४ वर्षांत त्यातल्या निम्म्याचं अमेरिशियम-२४१ होतं. प्लुटोनियम शुद्ध करताना तोवरचं अमेरिशियम निघून जातं आणि मग पुन्हा पहिल्यापासून साठू लागतं. ते किती साठलंय हे मोजलं, की शुद्धीकरण कधी झालं ते कळतं. योंगब्योनच्या नमुन्यांनी एक नव्हे, तीन वर्षं सांगितली: १९८९, १९९० आणि १९९१.

एरवी अणुमालावर नजर ठेवण्याचं हे काम बरंचसं कारकुनी. देशांनी मालाच्या नोंदी द्यायच्या, निरीक्षकांनी त्या ताडायच्या, सील आणि कॅमेरे तपासायचे. एका बॉम्बपुरता माल म्हणजे ८ किलो प्लुटोनियम, असं संस्था धरते. आता वर्षाला ८ टन प्लुटोनियम वेगळं करणारा कारखाना डोळ्यांसमोर आणा. तिथे मोजमापात एक टक्का चूक झाली तरी ८० किलोंचा घोळ! त्यातलं पाइपांना चिकटलेलं किती नि पळवलेलं किती, हे वहीवरून कळायचं नाही.

म्हणून धूळ गोळा करतात. दहा सेंटिमीटरचा सुती चौकोन भिंतीवर, यंत्रावर फिरवायचा, पिशवीत सीलबंद करायचा आणि प्रयोगशाळेत त्यावरचा एकेक सूक्ष्म कण तपासायचा. इराणमध्ये नातान्झच्या युरेनियम-समृद्धीकरण केंद्रात २००३ मध्ये असेच अतिसमृद्ध, म्हणजे विजेसाठी लागतं त्याहून बरंच जास्त समृद्ध केलेल्या, युरेनियमचे कण सापडले. बाहेरून आणलेल्या सुट्या भागांबरोबर ते आले, असं इराण म्हणाला. पाकिस्तानहून भाग मागवून पडताळणी झाली, तेव्हा बहुतांश कणांबाबत ते खरं निघालं. कण काय आहे हे धूळ सांगते. तो कुणाचा, हे शोधावंच लागतं.

ही सगळी करडी नजर युरेनियम-प्लुटोनियमवर. रुग्णालयांत उपचारांसाठी वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गी सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० चा असा आंतरराष्ट्रीय हिशेब नाही. ती जबाबदारी ज्या त्या देशाची. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ मध्ये ओस पडलेल्या दवाखान्यातून उपचारयंत्राचा भाग भंगारात गेला. आतली निळसर चकाकणारी पूड लोकांनी कौतुकानं घरी नेली. चौघे दगावले, लाखाहून अधिक लोकांना तपासावं लागलं. सीझियमची ती पूड होती ९३ ग्रॅम.