टोलेडोची भाषांतर परंपरा

स्पेनमधील टोलेडो शहरात बाराव्या आणि तेराव्या शतकांत अरबी ग्रंथांची आधी लॅटिनमध्ये आणि पुढे कॅस्टिलियन, म्हणजे आजच्या स्पॅनिश, भाषेत भाषांतरे झाली. त्या प्रदीर्घ उद्योगाला ही संज्ञा लावतात. टॉलेमीचे खगोलशास्त्र, अ‍ॅरिस्टॉटलचे भौतिकशास्त्र, इब्न सीनाचे वैद्यक आणि अल-ख्वारिझ्मीचे बीजगणित पश्चिम युरोपच्या विद्यापीठांत पोहोचले ते मोठ्या प्रमाणावर या शहरातून. पंचतंत्राच्या कथाही याच परंपरेतून स्पॅनिश भाषेत आल्या, त्यामुळे भारतीय वाचकाला तिच्याविषयी वेगळी आस्था वाटावी.

ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेले टोलेडो अकराव्या शतकात एका छोट्या मुस्लिम राज्याची राजधानी होते. तेथे अल-झरकालीसारखा खगोलज्ञ काम करत होता. त्याच शहरात काझी असलेल्या साइद अल-अंदलुसी याने १०६८ मध्ये ‘तबकात अल-उमम’ हा ग्रंथ लिहिला. विद्या जोपासणाऱ्या राष्ट्रांच्या त्याच्या यादीत पहिले स्थान भारताचे आहे. अंतर फार असल्यामुळे भारतीयांचे थोडेच ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचले, अशी खंतही तो नोंदवतो. जे पोहोचले त्यांत तो खगोलगणिताची ‘सिंदहिंद’ पद्धती, अंकलेखन, ‘कलीला व दिम्ना’ (पंचतंत्राचे अरबी रूप) आणि बुद्धिबळ यांची नावे घेतो. ही नोंद एका इतिहासकाराच्या जिज्ञासेपुरती राहिली नाही. पुढच्या दोन शतकांत यातल्या बऱ्याच गोष्टी टोलेडोतून पुढे गेल्या.

१०८५ मध्ये कॅस्टिलचा राजा सहावा अल्फोन्सो याने शहर घेतले. राज्य बदलले तरी शहराची भाषा लगेच बदलली नाही. मुस्लिम राजवटीत राहून अरबी बोलू-लिहू लागलेले ख्रिस्ती, ज्यांना मोझाराब म्हणतात, ते घरांच्या व द्राक्षमळ्यांच्या विक्रीची खते पुढची दोनशे वर्षे अरबीतच करत राहिले. अशी हजाराहून अधिक खते आजही उपलब्ध आहेत. ११४७ नंतर दक्षिणेत अल्मोहाद राजवटीचा जाच वाढला, तेव्हा तेथील अनेक ज्यू विद्वान कुटुंबेही उत्तरेकडे आली. एकाच गावात अरबी ग्रंथ, ते वाचू शकणारी माणसे आणि लॅटिन लिहिणारे धर्मगुरू, असा योग युरोपात इतरत्र क्वचितच जुळला होता.

काम कसे चाले, याचे वर्णन एका प्रस्तावनेत सापडते. इब्न सीनाच्या आत्म्याविषयीच्या ग्रंथाचे भाषांतर अवेंदाउथ (इब्न दाऊद) हा ज्यू विद्वान आणि डोमिनिकस गुंडिसाल्वी हा आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा धर्माधिकारी) या दोघांनी मिळून केले. अवेंदाउथ सांगतो की तो अरबी मजकूर एकेक शब्द करून बोलीभाषेत उच्चारत असे आणि डोमिनिकस तो लॅटिनमध्ये उतरवत असे. म्हणजे मूळ अरबी आणि अंतिम लॅटिन यांच्यामध्ये बाजारात बोलली जाणारी, तेव्हा विद्येची भाषा म्हणून कोणी न गणलेली बोली उभी होती. तिच्यातला एकही कच्चा खर्डा राहिलेला नाही, कारण ती फक्त बोलली गेली.

या परंपरेतील सर्वांत मोठे नाव क्रेमोनाच्या जेरार्डचे (सु. १११४–११८७). तो इटलीहून आला, टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’ या खगोलग्रंथाच्या ओढीने. लॅटिन जगात तो ग्रंथ मिळत नव्हता. जेरार्डच्या मृत्यूनंतर त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचे लहानसे चरित्र लिहिले. टोलेडोत प्रत्येक विषयावरची विपुल अरबी पुस्तके पाहून त्याला लॅटिन जगाच्या दारिद्र्याची कणव आली आणि म्हणून तो अरबी शिकला, असे ते सांगतात. त्यांनी जोडलेल्या यादीत सत्तरच्या वर ग्रंथ आहेत : युक्लिडची ‘मूलतत्त्वे’, अ‍ॅरिस्टॉटलचे ‘भौतिकी’, अल-ख्वारिझ्मीचे बीजगणित, अर-राझी व अझ-झहरावी यांचे वैद्यकीय ग्रंथ आणि इब्न सीनाचा अवाढव्य ‘कानून’. हा ‘कानून’ युरोपातील वैद्यक शिक्षणात सतराव्या शतकापर्यंत पाठ्यग्रंथ म्हणून टिकला. जेरार्डची लॅटिन वाक्यरचना अरबीच्या इतकी मागे-मागे चालते की ती वाचायला जड जाते. पण मुळाशी प्रामाणिक राहण्याची त्याची शिस्त पुढच्या अभ्यासकांच्या फार उपयोगी पडली.

‘अल्माजेस्ट’ ११७५ मध्ये पूर्ण झाला. त्यासाठी गालिब नावाच्या मोझाराबाने जेरार्डला मजकूर समजावून दिला, ही माहिती जेरार्डच्या चरित्रात नाही. पॅरिसच्या शिक्षणाला कंटाळून टोलेडोला आलेल्या मॉर्लीच्या डॅनियल या इंग्रज विद्यार्थ्याने ती लिहून ठेवली. त्याने लिहिले नसते तर युरोपच्या खगोलशास्त्राचा पाया ठरलेल्या या भाषांतरातला अर्धा वाटेकरी कायमचा पुसला गेला असता. इतर किती गालिब असे हरवले असतील, याचा अंदाजही करता येत नाही. या परंपरेचा इतिहास लिहिताना केवळ मुखपृष्ठावरच्या लॅटिन नावांवर थांबणे अन्यायाचे आहे.

टोलेडोत आर्चबिशप रेमंड (कार्यकाळ ११२५–११५२) याने भाषांतरकारांची रीतसर ‘शाळा’ काढली, ही समजूत आजही अनेक पुस्तकांत आढळते. ती रूढ झाली ती मुख्यतः आमाब्ल जूर्दें या फ्रेंच अभ्यासकाच्या १८१९ मधील ग्रंथामुळे. प्रत्यक्षात रेमंडला अर्पण केलेले एक छोटे भाषांतर तेवढे निश्चित ज्ञात आहे आणि ते सेव्हिलच्या जॉनने केलेले आहे. इमारत, अभ्यासक्रम, नेमणुका यांचा पुरावा नाही. कॅथीड्रलच्या आश्रयाने जमलेली, एकमेकांच्या कामाची माहिती असलेली विद्वान मंडळी, एवढेच खात्रीने म्हणता येते. जेरार्डनंतर टोलेडोच्या मार्कने १२१० च्या सुमारास कुराणाचे लॅटिन भाषांतर केले, तर १२१७ मध्ये मायकेल स्कॉटने अल-बित्रूजीचा खगोलग्रंथ लॅटिनमध्ये आणला.

दुसरा टप्पा दहाव्या अल्फोन्सोचा (१२२१–१२८४, राज्यारोहण १२५२). विद्वत्तेमुळे त्याला ‘एल साबिओ’, म्हणजे ज्ञानी, हे बिरुद मिळाले. त्याच्या दरबारात भाषांतराची अंतिम भाषा बदलली. लॅटिनऐवजी कॅस्टिलियनमध्ये ग्रंथ होऊ लागले आणि आधीच्या शतकात नुसती मधली पायरी असलेली बोली स्वतःच ग्रंथांची भाषा झाली. स्पॅनिश गद्याची घडण येथूनच सुरू झाली असे मानण्यास आधार आहे. अल-सूफीच्या ताऱ्यांवरील ग्रंथाच्या आधारे केलेले पुस्तक येहूदा बेन मोशे व गियेन आरेमोन यांनी १२५६ मध्ये तयार केले. वीस वर्षांनी राजाने ते पुन्हा हाती घेतले आणि त्यातील पुनरुक्ती व शुद्ध कॅस्टिलियन नसलेली वाक्ये काढून स्वतः भाषा नीट केली, असे प्रस्तावनेत नमूद आहे. सूर्य-चंद्र-ग्रहांची स्थाने काढण्यासाठीची ‘अल्फोन्साइन कोष्टके’ येहूदा बेन मोशे आणि इसाक बेन सीद या दोन ज्यू खगोलज्ञांनी टोलेडोत रचली. मूळ कॅस्टिलियन कोष्टके हरवली, फक्त ती वापरण्याच्या सूचना उरल्या. पॅरिसमध्ये त्यांना मिळालेले लॅटिन रूप मात्र युरोपभर चालले, १४८३ मध्ये व्हेनिसला छापले गेले आणि कोपर्निकसच्या संग्रहातही होते.

अल्फोन्सो राजपुत्र असतानाच, १२५१ मध्ये, ‘कालिला ए दिम्ना’ अरबीतून कॅस्टिलियनमध्ये आले. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणमध्ये पहलवी या तिथल्या जुन्या भाषेत गेले होते आणि तेथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणले. पिंगलक सिंहाच्या दरबारातले करटक व दमनक हे कोल्हे शीर्षकात अजून ओळखू येतात. १२८३ मध्ये सेव्हिलला पूर्ण झालेल्या ‘खेळांच्या पुस्तका’ची सुरुवातही भारतातल्या एका राजाच्या गोष्टीने होते. त्याच्या तीन पंडितांपैकी एक बुद्धीला श्रेष्ठ मानतो, दुसरा नशिबाला, तिसरा दोहोंच्या मेळाला. आपापल्या मताचा पुरावा म्हणून पहिला बुद्धिबळ आणतो, दुसरा फासे आणि तिसरा फाशांवर खेळायचा पट. या हस्तलिखितातील चित्रांत मुस्लिम, ज्यू आणि ख्रिस्ती माणसे, पुरुष आणि स्त्रिया, एकाच पटाभोवती बसलेली दिसतात. ते आज स्पेनमधील एस्कोरियल मठाच्या ग्रंथालयात आहे.

अल्फोन्सोचा मुलगा सांचो याने १२८२ मध्ये बंड केले आणि दोन वर्षांनी राजा सेव्हिलला वारला. त्यानंतर एवढा मोठा राजाश्रय पुन्हा मिळाला नाही. १३९१ मध्ये टोलेडोच्या ज्यू वस्तीवर हल्ले झाले. १४९२ मध्ये ज्यूंना स्पेनमधून हद्दपार करण्यात आले. काही वर्षांतच टोलेडोचा आर्चबिशप सिस्नेरोस याच्या आदेशाने ग्रानादात अरबी पुस्तकांची होळी झाली. त्यातून वैद्यकाची पुस्तके तेवढी वगळून आल्काला या शहरी पाठवण्यात आली. १९९४ मध्ये कास्तिया-ला मांचा विद्यापीठाने ‘टोलेडो भाषांतरकार शाळा’ नावाचे केंद्र सुरू केले. तेथे आज अरबी आणि हिब्रूतून स्पॅनिशमध्ये भाषांतराचे प्रशिक्षण दिले जाते.